अकरा रविवार

कारेगाव, ता. शिरूर
२ फेब्रुवारी १९९८

चि. बिरदेव यास अक्काचे आशीर्वाद.

पूनमचा भाऊ काल शिरूरच्या बाजारात भेटला. म्हणाला, दाजींचं अर्धं डोकं दुखतं, दार-खिडक्या लावून पडून राहतात. रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर झालास आणि आईची अर्धशिशी घेऊन बसलास. मला कळवायला हात मोडला होता का?

आता सांगते तसं कर. सूर्य उगवायच्या आत गरम दुधात जिलबी बुडवून खायची, तीन दिवस. खाताना कुणाशी बोलायचं नाही. दुखायला लागलं की सुंठ उगाळून दुखऱ्या बाजूला कपाळावर लेप द्यायचा. झोपताना नाकात गाईच्या तुपाचे दोन-दोन थेंब. आई मेंढरांमागं चालताना डोक्याला फडकं आवळून बांधायची ते तुला आठवायचं नाही, तू चार वर्षांचा होतास. तिला ह्यानंच उतार पडायचा.

माझी खानावळ जोरात आहे. कंपन्यांतली चाळीस माणसं जेवतात. पोस्टकार्ड संपलं.

तुझी अक्का


दौंड, रेल्वे कॉलनी
११ फेब्रुवारी १९९८

ती. अक्कास बिरदेवचा नमस्कार.

पहिली गोष्ट, पुन्हा पोस्टकार्ड पाठवू नकोस. आमच्या कॉलनीत पोस्टमन आधी वाचतो, मग शेजारी वाचतात, आणि उरलं तर आम्ही वाचतो. परवा एकानं मला विचारलं, "काय बिरदेव, जिलबी कवा खायला घालतो?" मी हसून वेळ मारून नेली. इथं प्रत्येक घरात कुणी ना कुणी इंजिनावर आहे. एकाला कळलं की लॉबीला, म्हणजे ड्यूटीची सही करतो त्या ऑफिसाला, कळलं, आणि लॉबीला कळलं की डॉक्टरला.

माझं नाव यंदा ड्रायव्हरच्या बढतीत आहे. १८ मे रोजी मेडिकल आहे. त्यात डोळे, कान, डोकं सगळं बघतात. नापास झालो तर इंजिनावरून खाली उतरवतील आणि कुठंतरी टेबलावर बसवतील. आबांनी मेंढरं विकून मला शिकवलं ते टेबलावर बसायला नाही. आठ वर्षं झाली, मी ड्रायव्हरच्या शेजारीच बसतोय. म्हणून अर्धशिशी हा शब्दसुद्धा लिहू नकोस.

जिलबीचा गुण आला. तिन्ही दिवस पहाटे खाल्ली, तिन्ही दिवस डोकं शांत. नुसतं डोकंच दुखतं, बाकी काही नाही. काळजी करू नकोस.

बिरदेव


कारेगाव
१६ फेब्रुवारी १९९८

चि. बिरदेव,

हे आंतरदेशीय आहे, डिंक लावून चिकटवलंय. झालं समाधान?

गुण आला ना? आता मुळातनंच जायला हवं. मी काल आपल्या खंडोबाला नवस बोलून आले. तू अकरा रविवार निर्जळी उपास करायचा. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, दिवस मावळला की नैवेद्य दाखवून सोडायचा. अकरावा झाला की आपण दोघं गडावर जाऊन भंडारा उधळू. येत्या रविवारपासून धर. म्हणजे तीन मेला अकरा पुरे होतात, तुझ्या मेडिकलच्या आधी पंधरा दिवस.

आणि पथ्य एकच, ह्याची वाच्यता कुणापाशी करायची नाही. तसंही तुला लपवायचंच आहे, तेव्हा ते तुला जड जाणार नाही.

अक्का


दौंड
१९ मार्च १९९८

ती. अक्कास नमस्कार.

चार रविवार झाले. ड्यूटी असली तरी मोडला नाही. इंजिनात दुपारी कढईत बसल्यासारखं होतं आणि मारुतराव समोर डबा उघडून बसतात. मारुतराव म्हणजे माझे ड्रायव्हर, पुढच्या वर्षी रिटायर होतील. ते म्हणतात, "आरं, घोटभर पानी तरी घे, खंडोबा काय मोजत बसलाय व्हय?" मी नुसता हसतो.

तुला खोटं सांगत नाही, त्रास वाढलाय. आधी महिन्यातून एकदा व्हायचं, आता दर आठवड्याला होतं. पण एक गोष्ट बघ. दुपारी सुरू झालेलं डोकं संध्याकाळी नैवेद्याचा घास पोटात गेला, तांब्याभर पाणी प्यालो, की तासा-दीड तासात उतरतं. गोळी नाही, लेप नाही. पूनमसुद्धा चकित झाली. देवाशिवाय हे कुणाचं काम?

बिरदेव


कारेगाव
२४ मार्च १९९८

चि. बिरदेव,

तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. रोग जाताना जोर करतो, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. देवाच्या वारी डोकं धरतो आणि देवाच्या घासानं सोडतो, म्हणजे त्याची सुटायची वेळ आली. आता मागं सरू नकोस. सहा रविवार राहिलेत.

माझ्याकडं म्हस्कू म्हणून एक जेवायला येतो, कुरकुंभच्या केमिकल कंपनीतून आता इकडच्या कंपनीत आलाय. त्याचंही डोकं धरतं. त्यालाही मी गुरुवारचा उपास सांगितलाय. तो म्हणतो, "मावशी, तुमी सांगाल तसं." तुझ्यापेक्षा गुणी आहे.

अक्का


दौंड
२२ एप्रिल १९९८

ती. वन्संना पूनमचा नमस्कार.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. उत्तर पाठवलंत तर माझं नाव घेऊ नका.

रविवारी हे ड्यूटीवरून आले ते भिंत धरत आले. घासही घेतला नाही. ओलं फडकं डोळ्यांवर टाकून पडून राहिले. मी पाय चेपत होते, तर झोपेत बोलायला लागले, "दिसंना, मला दिसंना." मी विचारलं काय दिसत नाही, तर म्हणाले, "सिग्नल." सकाळी विचारलं तर माझ्यावरच उखडले. म्हणाले, असं काही बोललोच नाही.

वन्सं, नुसतं डोकं दुखत नाही. कधी कधी जेवताना ते ताटातली वाटी चाचपडत शोधतात. मला भीती वाटते. तुमचं ते ऐकतील.

पूनम


कारेगाव
२५ एप्रिल १९९८

बिरदेव,

मला एकच सांग. डोकं दुखायच्या आधी तुझ्या डोळ्यांचं काय होतं?

आई एकदा घोडनदीच्या काठाला मेंढरं मोजत होती. मोजता मोजता थांबली आणि मला म्हणाली, "धुरपदा, तू मोज, मला अर्धी मेंढरं दिसंनात." मी तेव्हा हसले होते. कालपासून तेच डोळ्यांपुढं आहे. तू लिहिलं होतंस, नुसतं डोकं दुखतं, बाकी काही नाही. आईच्या पोटचा असशील तर खरं लिही.

अक्का


दौंड
२८ एप्रिल १९९८

ती. अक्कास,

पूनमनं कळवलं ना? असू दे.

खरं सांगतो. दुखायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं डोळ्यांसमोर एक चकाकणारी नागमोडी रेघ येते. आधी बारीक असते, मग पसरते. तिच्या मागचं काही दिसत नाही. मारुतरावांकडे बघितलं तर कान दिसतो आणि नाक दिसत नाही. रेघ गेली की डोकं सुरू होतं. दोन वर्षं झाली याला.

तुला आमच्या कामाची एक रीत सांगतो. सिग्नल आला की आम्ही दोघांनी तो मोठ्यानं पुकारायचा असतो, हात करून. ड्रायव्हर म्हणतो "हिरवा", मग असिस्टंटनं स्वतः बघून म्हणायचं "हिरवा". एकाची चूक झाली तर दुसऱ्यानं पकडायची, म्हणून दोन माणसं. ज्या दिवशी मला ती रेघ दिसायची त्या दिवशी मी मारुतरावांचं ऐकून तेच म्हणायचो. ते पिवळा म्हणाले की मी पिवळा. अक्का, मी दोन वर्षं हे करतोय, आणि माझा आवाज एकदाही कापला नाही, ह्याची मला आता लाज वाटते.

१९ तारखेला नववा रविवार होता. मालगाडी होती. एका छोट्या स्टेशनाच्या अलीकडे ऊन समोरून रुळांवर पडलं आणि रेघ आली. मारुतराव खाली वाकून डब्याचं झाकण लावत होते. त्यांनी पुकारा केला नाही. माझ्या पुकाऱ्याची वाट बघत राहिले. सिग्नलच्या जागी मला नुसती पांढरी चकाकी दिसत होती. रोज त्या वेळी तिथं हिरवा असतो. मी म्हणालो, "हिरवा."

त्यांनी मान वर केली आणि ब्रेक मारला. गाडी थांबली तेव्हा लाल सिग्नल आमच्यापुढं गाडीच्या एका डब्याएवढ्या अंतरावर होता, आणि पलीकडच्या फाटकात माणसांनी भरलेला टेम्पो रूळ ओलांडत होता. तो मला नंतर दिसला, रेघ गेल्यावर. मारुतरावांनी जेवणाच्या डब्याचं झाकण पुन्हा लावलं. मग म्हणाले, "ऊन डोळ्यावर आलं व्हय रं?" मी म्हणालो, "व्हय." त्यांनी कुठंही लिहिलं नाही.

परवा दहावा रविवार झाला, घरीच होतो. फार त्रास झाला, पण उपास मोडला नाही. येत्या रविवारी अकरावा. तो झाला की सगळं संपेल. तूच म्हणाली होतीस. वाचून झालं की हे पत्र जाळून टाक.

बिरदेव


कारेगाव
१ मे १९९८

बिरदेव,

आज सुट्टी, पोस्ट बंद. म्हणून हे पत्र शिरूर-दौंड एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. तो पूनमच्या हातात देईल. रविवारच्या आत तुला मिळालंच पाहिजे.

रविवारी सकाळी उठल्या उठल्या भाकरी खा. उपास करायचा नाही. देवाचं मी बघते. नवस मी बोलले होते, उरलेला रविवार मी पाळीन.

काल काय झालं ते सांगते. म्हस्कू उपासाच्या दिवशी कंपनीतून डोकं धरून आला आणि खानावळीच्या ओट्यावर आडवा झाला. मी लेप उगाळायला घेतला. तेवढ्यात माझ्या घरधन्यांनी मला न विचारता त्याच्यापुढं भाकरी-पिठलं ठेवलं, वर गूळ, वर तांब्याभर पाणी. मी ओरडले. ते म्हणाले, "आगं, मानूस उपाशी हाय, त्याचं डोकं न्हाई तर काय फिरंल?" म्हस्कू जेवला. तासाभरानं उठून बिडी ओढत बसला, माझा लेप सहाणेवरच वाळला. तुझं मार्चमधलं पत्र मी डब्यातून काढलं. नैवेद्याचा घास, तांब्याभर पाणी, तासा-दीड तासात उतार. तू सगळं लिहिलं होतंस रे. मीच उलटं वाचलं. उपाशी ठेवून मीच तुझं डोकं उठवत होते आणि जेवलास की देवाला हात जोडत होते. जिलबीचंही तेच असणार, पहाटे पोटात काहीतरी पडत होतं एवढंच.

चाळीस माणसांना वेळेवर ताट वाढते मी. आणि पाठच्या भावाला इंजिनात उपाशी बसवलं. तो टेम्पो सारखा डोळ्यांपुढं येतो, बिरदेव. त्यातलं एक माणूस गेलं असतं तर ते माझ्या नवसानं गेलं असतं.

आता पथ्य सांगते, आणि ह्यात देवधर्म काही नाही. उठल्यावर तासाभराच्या आत खायचं. दर तीन तासांनी घोटभर का होईना पाणी. खिशात शेंगदाणे-गूळ. चहा कमी. रात्रपाळी करून आलास की आधी खा, मग खिडकीला चादर लावून पुरता झोप. उन्हाच्या बाजूला टोपी पुढं ओढून बस. सुंठेचा लेप लावलास तर लाव, बरं वाटतं, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस.

आणि शेवटचं. मेडिकलच्या आधी डॉक्टरला त्या रेघेचं सांग. स्वतःच्या तोंडानं. ते पत्र मी जाळलेलं नाही.

अक्का


दौंड
१२ मे १९९८

ती. अक्कास,

तुझं पथ्य पाळतोय. तीन तारखेला जेवलो, दहालाही जेवलो. दोन्ही रविवार डोकं दुखलं नाही, रेघ आली नाही. खिशात गूळ-दाणे असतात. मारुतरावांना वाटतं मला पोरासारखं खायची सवय लागली.

मग आता सांगायचं काय उरलं? रोग उपासाचा होता, उपास गेला, रोग गेला. डॉक्टरला "होतं" म्हणून सांगितलं तर तो "आहे" असंच लिहिणार. नवस तू बोललीस. उपास तू लावलास. आता नोकरीही तूच घालवणार का? लहानपणी मी पडलो की तू आधी मला मारायचीस आणि मग उचलायचीस. ह्या वेळी मारूच नकोस.

अठराला सोमवारी मेडिकल आहे. इकडं येऊ नकोस.

बिरदेव


दौंड एसटी स्टँड
१४ मे १९९८

बिरदेव,

आलेच. तू ड्यूटीवर आहेस हे बघूनच आले, कारण तू समोर असतास तर माझ्यानं झालं नसतं.

तुला बरं वाटतंय ह्याचा मला आनंद आहे, देवाशपथ आहे. पण तू विसरतोस, उपासाच्या आधीही तुला दोन वर्षं महिन्यातून एकदा होतच होतं. पथ्यानं ते सहा महिन्यांतून एकदा होईल. त्या एका दिवशी ड्रायव्हरच्या जागेवर तू असशील आणि शेजारी तुझ्यासारखंच एखादं पोरगं, तुझं ऐकून हिरवा म्हणणारं.

मी दवाखान्यात गेले नाही. मारुतरावांच्या घरी गेले. तुझ्या भरवशावर जीव ठेवून ते शेजारी बसतात, तेव्हा आधी त्यांना कळायला हवं होतं असं मला वाटलं. अठ्ठावीस एप्रिलचं पत्र मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, "ताई, त्या दिशी उनाचं निमित्त मीच दिलं त्याला. मला काय ते कळलं न्हवतं व्हय? पन रिटायर व्हायला आलो, म्हनलं पोराचं वाईट कशाला करावं." मग त्यांनी पत्र घडी करून मला परत दिलं.

उद्या सकाळी नऊ वाजता ते तुझ्या दारात येतील. त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा. नाही गेलास तर ते एकटे जाणार आहेत, स्वतःचीही चूक सांगायला.

गाडी लागली. पूनम पोचवायला आलीय, हे पत्र तिच्या हातात देते. मला शिव्या दे, पण जेवून दे.

अक्का


कारेगाव
२४ ऑक्टोबर १९९८

चि. बिरदेव,

हे उघड्या पोस्टकार्डावर लिहिते, आता लपवायचं काही राहिलेलं नाही. पाच महिन्यांत तुझी एक ओळ नाही. भाऊबीजेला पाट मांडला होता, रात्री उचलला. पूनमकडून कळलं की तुला इंजिनावरून काढलं आणि लॉबीत टेबलावर बसवलंय. तुझी प्रकृती बरी आहे हेही कळलं.

अकरावा रविवार तुझ्या वाट्याचा मी पाळला. पुढंही रविवारचा उपास सोडवेना. तू माझ्या दारात जेवशील त्या दिवशी सोडीन.

अक्का


दौंड
१० मे १९९९

ती. अक्कास नमस्कार.

मीही पोस्टकार्डावरच लिहितो. अक्षर बारीक काढतोय, पोस्टमनच्या डोळ्यांना त्रास होईल, होऊ दे.

वर्षभर लिहिलं नाही, कारण राग होता. लिहायला बसलो की वाईटच यायचं. वर्षात दोनदा रेघ आली. दोन्ही वेळा मी टेबलावर होतो. रजिस्टर मिटलं, डोळे मिटले, वीस मिनिटं बसून राहिलो. दुसऱ्यांदा आली तेव्हा घड्याळ बघितलं. इंजिनावर असतो तर ह्याच वेळेला मी घाटाच्या गाडीवर असतो. मग डबा उघडला आणि त्या दिवशी तुला शिव्या न देता जेवलो.

माझं काम म्हणजे ड्यूटीवर येणाऱ्या ड्रायव्हर-असिस्टंटांच्या सह्या घेणं. परवा एक नवा असिस्टंट आला. डोळे बारीक करून बघत होता. मी विचारलं, "ठीक हाय का?" म्हणाला, "ठीक हाय." माझाच आवाज होता तो, अक्का. मी विचारलं, "जेवला?" म्हणाला, "जेवलो." मी विचारलं, "काय जेवला?" त्याला सांगता येईना. मी सही घेतली नाही. माझा डबा त्याच्यापुढं ठेवला आणि दुसरा माणूस बोलावून घेतला. तो मला शिव्या देत जेवला.

मारुतराव काल रिटायरमेंटचे पेढे घेऊन आले, आधी तुझ्याकडं देऊन. त्यांनी सांगितलं, तू अजून रविवारी पाणीसुद्धा पीत नाहीस. तुझं वय काय, तू करतेस काय?

येत्या रविवारी पहिल्या एसटीनं येतो. मी उठल्यापासून तासाभरात खातो हे तुला माहीत आहे. पण त्या दिवशी तेवढं पथ्य मोडीन, तुझ्या दारात येईपर्यंत थांबीन. दोन ताटं वाढून ठेव.

बिरदेव